फाईलवर एकटीचंच नाव काहून?

पत्र थोडक्यात (नाव-गाव काढलंय, ओळख पटेल असे तपशील बदललेत): यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २७ वर्षांची वाचक लिहिते. लग्नाला पाच वर्षं झाली. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस, सोयाबीन, थोडी तूर. पाळी लग्नाआधीपासूनच अनियमित, कधी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, आणि आली की आठ-दहा दिवस खूप अंगावर जातं, चक्कर येते. अडीच वर्षांपूर्वी दिवस गेले होते पण दोन महिन्यांतच पडलं, तेव्हा तालुक्याला ‘पिशवी साफ’ केली. त्यानंतर काही नाही. तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफीत ‘गाठी’ सांगितल्या, शेवटच्या दवाखान्यात म्हणे नळ्या खराब असतील, सरळ टेस्ट ट्यूब करा, दोन लाखाच्या वर खर्च. घरात एक एकर गहाण टाकायचं चाललंय. सासूबाई अमावस्येला एका बाबाकडे न्यायचं म्हणतात, मोठी जाऊ दुसऱ्या लग्नाचा विषय काढते. नवरा स्वभावानं चांगला आहे पण तपासणीला नाही म्हणतो, “एकदा राहिलं होतं न, मग माह्यात काय दोष?” तिचे प्रश्न: शेत गहाण टाकावं का? माझ्यात नेमका काय दोष आहे? आणि तेव्हा मी कापूस वेचायला गेले म्हणून पडलं का?

पोरी, माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणते. पत्रासोबत तू रिपोर्टांचे फोटो पाठवले ते मी शांतपणे बसून सगळे पाहिले. सोनोग्राफ्या आहेत, थायरॉईड दोनदा केलंय आणि दोन्ही वेळा नॉर्मल आहे, शुगर आहे, कसल्या कसल्या हार्मोनचे महागडे रिपोर्ट आहेत, प्रत्येक नव्या डॉक्टरनं जुनं न पाहता परत तेच करायला लावलेलं दिसतं. आणि एवढ्या गठ्ठ्यात तुझ्या नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नाही. पाच वर्षांत एकही नाही. दुसरी गोष्ट, एका रिपोर्टवर हिमोग्लोबिन ८.६ छापलंय, बाईला ते १२ तरी पाहिजे, आणि त्याच्यासाठी कुणी गोळी लिहून दिल्याचं कुठल्याच चिठ्ठीवर मला दिसलं नाही.

शेताचं आधी सांगून टाकते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल: आत्ता गहाण टाकू नका. टेस्ट ट्यूब वाईट आहे असं मी म्हणत नाही, ज्या जोडप्यांना त्याची खरी गरज असते त्यांच्यासाठी ते फार मोठं वरदान आहे आणि मी स्वतः पेशंट पाठवते. पण तुमची अजून पायाभूत तपासणीच पूर्ण झाली नाही. नळ्या ‘खराब असतील’ म्हणे, असतील म्हणजे काय? तुझ्या कागदांत नळ्यांची तपासणी कुठेच नाही, म्हणजे तो नुसता अंदाज आहे आणि अंदाजावर एक एकर जात नसतं. शिवाय टेस्ट ट्यूबमध्ये पहिल्याच वेळी मूल होईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही, चांगल्या सेंटरमध्येसुद्धा पहिल्या वेळी न जमणाऱ्यांचीच संख्या जास्त असते, आणि ही गोष्ट पैसे भरायच्या आधी सांगितली जायला पाहिजे.

आता तू विचारलंस की माझ्यात काय दोष आहे. हा प्रश्नच मला बदलायचा आहे. मूल न होणं हे एका माणसाचं नसतं, जोडप्याचं असतं. ढोबळमानानं सांगायचं तर तीनातल्या एका जोडप्यात कारण बाईकडे सापडतं, एकात पुरुषाकडे, आणि उरलेल्यात दोघांकडे थोडं थोडं किंवा काहीच सापडत नाही. म्हणजे नवऱ्याची तपासणी न करता बायकोवर पाच वर्षं औषधं करणं याला उपचार म्हणता येत नाही. तुझ्या तिन्ही डॉक्टरांनी हे सांगितलं नसेल तर चुकलं, आणि सांगितलं असेल पण घरच्यांनी ऐकलं नसेल तर तेही चुकलं.

“एकदा राहिलं होतं न” हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला रोज ओपीडीत ऐकू येतं, आणि त्यात अर्धी गोष्ट खरी आहे. तेव्हा गर्भ राहिला म्हणजे तेव्हा शुक्राणू होते, तुझं अंडं तयार झालं होतं आणि एक तरी नळी उघडी होती. ही तुम्हा दोघांसाठी चांगलीच बातमी आहे. पण ती अडीच वर्षांपूर्वीची. पुरुषाच्या अंगात शुक्राणू सारखे नवे तयार होत असतात, एक तयार व्हायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला, काही आजार झाला, अंडकोषाच्या शिरा फुगल्या, खर्रा (तंबाखू-सुपारीचा) वाढला, तर आजचा रिपोर्ट वेगळा येऊ शकतो. आजचा तपासायचा तर आजच तपासावा लागतो.

इथं दोन शब्द त्याच्याशीच बोलते, हा भाग त्याला वाचून दाखव. भाऊ, पेरणीआधी तुम्ही घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण किती येते ते पाहता न? उगवण कमी निघाली तर त्यात तुमची इज्जत जाते का? नाही जात, तुम्ही बियाण्याचं प्रमाण वाढवता नाहीतर दुसरं आणता. ही तपासणीही तेवढीच साधी आहे. सुई नाही, दुखत नाही, टेस्ट ट्यूबच्या तुलनेत खर्च अगदीच किरकोळ. याचा तुमच्या मर्दानगीशी काहीही संबंध नाही, संबंध एकदम ठीक असणाऱ्या, तब्येतीनं धडधाकट माणसाचेही शुक्राणू कमी असू शकतात आणि त्याला स्वतःला ते कळायचा दुसरा कोणताच मार्ग नाही.

तपासणी कशी करायची ते नीट लिहिते कारण खेड्यातून जाणाऱ्यांचे रिपोर्ट बऱ्याचदा इथंच बिघडतात. आधी कमीत कमी दोन दिवस आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नको, महिनाभर थांबला म्हणजे रिपोर्ट चांगला येतो असं बिलकुल नाही. नमुना हातानंच काढायचा, लॅबनं दिलेल्या डबीत, सगळा, पहिला थेंब सांडला तर सांगायचं. निरोधमध्ये गोळा करून न्यायचा नाही, त्यातल्या रसायनानं शुक्राणू मरतात. एका तासाच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे, त्यामुळे तीस-चाळीस किलोमीटरवरून एसटीनं नेण्यापेक्षा तिथंच जाऊन द्यावा, वेगळी खोली मागावी, लाजू नये, लॅबवाल्यांचं ते रोजचं काम आहे. जवळ राहत असाल आणि घरून नेत असाल तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत, बर्फात नाही. रिपोर्टमध्ये एका मिलीलिटरमध्ये १.६ कोटी किंवा जास्त शुक्राणू आणि ४२ टक्के किंवा जास्त हलणारे असले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ठीक. आणि नॉर्मल आकाराचे फक्त ४ टक्के लिहिले असतील तर घाबरून जाऊ नका, ४ टक्क्याला नॉर्मलच म्हणतात, मी पाहिलंय की माणसं हा एक आकडा वाचून आठ-आठ दिवस जेवत नाहीत. रिपोर्ट कमी आला तर लगेच शिक्का मारायचा नाही, दोन-तीन महिन्यांनी परत करायचा. अगदी शून्य आला तरी तो शेवट नसतो, कधी रस्त्यात अडथळा असतो, कधी हार्मोनचं असतं, त्यासाठी मूत्ररोगतज्ज्ञाला दाखवायचं.

खर्रा मात्र बंद, भाऊ, कमी नाही तर बंद. तंबाखूनं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी होते. आणि फवारणी करताना हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्याचे कपडे, घरी आल्याबरोबर आंघोळ, ते कपडे वेगळे धुवायचे. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली हे सगळ्यांना आठवते, पण काही किटकनाशकांचा पुरुषाच्या बीजावरही परिणाम होतो हे कुणी बोलत नाही. आणि ताकदीची म्हणून कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर घेऊ नका, त्यानं शुक्राणू तयार व्हायचेच बंद होतात.

आता पोरी, तुझ्याकडे येते. आधी कापसाचं. तू वेचणीला गेलीस म्हणून पडलं नाही. ओझं उचललं म्हणून नाही, पपई खाल्ली म्हणून नाही, सासूबाईंशी भांडण झालं म्हणूनही नाही. कळलेल्या गर्भांपैकी शंभरात दहा ते वीस पहिल्या तीन महिन्यांत पडतात, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळा कारण एकच असतं, गर्भ बनतानाच गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते. असा गर्भ गादीवर झोपून राहिलं तरी पडतो. अडीच वर्षं तू हे मनात घेऊन फिरून राहिली आणि तुला त्या दवाखान्यात कुणी एका वाक्यात सांगितलं नाही याचं मला खरंच फार वाईट वाटते. एक मात्र त्या वेळच्या कागदात शोध: तुझा रक्तगट. निगेटिव्ह असेल आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह, तर पिशवी साफ केल्यावर अँटी-डी चं इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिलं होतं का ते पुढच्या डॉक्टरला सांगावं लागेल.

पिशवी साफ केल्यानं आतून चिकटली असेल अशी भीती तुला कुणी घातली आहे. तसं होऊ शकतं, पण तेव्हा बहुतेक पाळी एकदम कमी होते, डाग लागल्यासारखी. तुझं उलट आहे, त्यामुळे मला ती शक्यता कमी वाटते.

हिमोग्लोबिन ८.६. माझ्या हिशोबानं तुझ्या फाईलमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे, आणि तो मुलासाठी महत्त्वाचा आहे म्हणून नाही, तर तुला चक्कर येते, जिना चढताना दम लागतो, वेचणीत संध्याकाळपर्यंत पाय उचलत नाही म्हणून महत्त्वाचा आहे. मूल झालं नाही तरी हा आकडा सुधारायचा आहे. आपल्याकडे बाई दवाखान्यात जाते ती एकतर मूल होत नाही म्हणून नाहीतर पोटात मूल आहे म्हणून, मधली बाई कुणाला दिसतच नाही. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या बायका तपासून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं की शंभरातल्या ९२ बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. तेव्हापासून बरंच बदललं, पण तुझी फाईल पाहिली की सगळं बदललं असं म्हणवत नाही.

तर, लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या आधी एक साधी रक्ततपासणी, सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. आपल्या विदर्भात हा आजार कुठल्याही घरात निघू शकतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली चाचणी होते, आणि ती नवऱ्याचीही करायची, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला चारातल्या एका बाळाला आजार व्हायची शक्यता असते, आणि हे दिवस राहायच्या आधी माहीत असलेलं कधीही बरं. मग लोहाच्या गोळ्या, चहासोबत नाही, चहा आणि गोळीत दोन तासांचं अंतर, कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घेतली तर उत्तम. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. पालेभाजी, हरभरे, तीळ खा, पण ८.६ वरून १२ वर नुसत्या भाजीनं जाता येत नाही, बीट आणि डाळिंबानं तर नाहीच. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते. महिन्याभरानं परत तपास.

आणि एवढं अंगावर जाते काहून, हे पण शोधायला पाहिजे. अंडं वेळेवर तयार होत नसलं की पिशवीचं अस्तर वाढत राहते आणि मग उशिरा आलेली पाळी धो-धो जाते, तुझं बहुतेक हेच आहे. सोनोग्राफीत फायब्रॉईड, म्हणजे पिशवीतली मांसाची गाठ नाही, तेवढं चांगलं आहे. पाळीच्या दिवसांत रक्त कमी जायच्या गोळ्या असतात, त्यानं दिवस राहायला अडथळा होत नाही, त्या मागून घे. (दुसऱ्या वाचकांसाठी इथंच सांगते: जास्त जाते म्हणून तिशीतल्या बाईला कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढा म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, घाबरवायला कॅन्सरचं नाव घेतलं असेल तर विचारा की तपासणीला तुकडा पाठवला का.)

सोनोग्राफीतल्या त्या ‘गाठी’ म्हणजे गाठी नाहीत. अंडाशयात छोटी छोटी अर्धवट वाढलेली अंडी दिसतात त्याला पीसीओ म्हणतात, ती कापून काढायची नसतात. उशिरा पाळी, हनुवटीवरचे केस जे तू लिहिलेत, आणि हे चित्र, म्हणजे पीसीओएस धरायला हरकत नाही. हा आजार खूप बायकांना असतो आणि मूल व्हायच्या बाबतीत तो त्यातल्या त्यात सोपा आहे, कारण अंडी आहेत, फक्त वेळेवर फुटत नाहीत. वजन पाच-सहा किलो उतरलं तरी काही जणींची पाळी आपोआप जवळ येते. मग पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस घ्यायच्या गोळ्या असतात, लेट्रोझोल, २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात जुन्या क्लोमिफेनपेक्षा त्यानं मूल व्हायचं प्रमाण जास्त निघालं. स्वतःच्या मनानं मेडिकलवरून घ्यायच्या नाहीत, सोनोग्राफीत अंडं पाहत पाहत घ्यायच्या. आणि नवऱ्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय सुरूच करायच्या नाहीत.

तुझ्या एका चिठ्ठीवर मला आणखी एक गोष्ट दिसली. ‘पाळी रेग्युलर करायला’ म्हणून सहा महिने ज्या २१ गोळ्यांच्या पट्ट्या तू खाल्ल्यास, त्या गर्भनिरोधक गोळ्या होत्या. पीसीओएसमध्ये त्या देतात, औषध चुकीचं नाही, पण ज्या बाईला मूल हवंय तिला हे सांगून द्यायला पाहिजे की या चालू असेपर्यंत दिवस राहणार नाहीत. म्हणजे तुझे ते सहा महिने मोजायचेच नाहीत. वाचणाऱ्या बाकीच्या जणींनी आपापल्या पट्ट्या आज काढून पाहा, मेडिकलवाल्याला नाहीतर आशाताईला विचारा की ही कशाची आहे.

आता लाजेचा विषय, पण मी लाजणार नाही. तुला कुणीतरी सांगितलंय की पाळीच्या चौदाव्या दिवशी जवळ आलं की राहते. ते अठ्ठावीस दिवसांवर पाळी येणारीचं गणित आहे. अंडं फुटते ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. तुझी पाळी पंचेचाळीस दिवसांवर असेल तर अंडं तिसाव्या दिवसाच्या आसपास फुटेल, आणि चौदाव्याला तर काहीच नसते. अंडं जगते जेमतेम एक दिवस, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून तारीख धरून बसण्यापेक्षा पाळी थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला पाहिजे. आणि तू पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलीस की भाद्रपदापासून पीक निघेपर्यंत ते रानडुकरांच्या, रोह्यांच्या (नीलगाईंच्या) राखणीसाठी जागलीला वावरातच झोपतात. बाई, मग वर्षातले चार महिने तर तिथंच गेले! हे तुला कुठल्याच डॉक्टरनं विचारलं नसेल. भासऱ्यांसोबत (मोठ्या दिरांसोबत) राखण वाटून घ्या, एक दिवसाआड जागल करा, घरात सांगायला अवघड असेल तर तब्येतीचं कारण सांगा. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असताना हे किती कठीण आहे मला माहीत आहे, पण एक एकर गहाण टाकण्यापेक्षा सोपं आहे.

नळ्यांचं. हिमोग्लोबिन वाढलं, नवऱ्याचा रिपोर्ट ठीक आला, तीन-चार महिने गोळ्यांनी अंडं फुटताना दिसलं आणि तरी राहिलं नाही, तर नळ्यांचा फोटो काढायचा, एचएसजी म्हणतात. पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत करतात, पाच-दहा मिनिटं कळ येते, आधी दुखण्याची गोळी मागून घ्यायची. घरात किंवा माहेरी कुणाला टीबी झाला होता का, तुला कधी गळ्यात गाठी, महिनोन्महिने बारीक ताप आला होता का, हे डॉक्टरला आपणहून सांग, कारण पिशवीचा-नळ्यांचा टीबी आपल्या देशात मूल न होण्याचं एक मोठं कारण आहे, बाहेरून काही दिसत नाही. तसं काही असलं तर मग फोटो आधीच काढावा, थांबू नये. दुर्बिणीनं पोटातून तपासणी, टेस्ट ट्यूब हे सगळं त्याच्या पुढचं.

जायचं कुठं, तर यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज तुला जवळ आहे, वर्ध्याकडे जाणं सोयीचं असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, नागपुरात मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी रुग्णालयं. गर्दी असते, थांबावं लागते, पण तिथं दोघांच्या तपासण्या एका कागदावर क्रमानं होतील. पुढे कधी टेस्ट ट्यूबची वेळ आलीच तर २०२१ च्या कायद्याप्रमाणे त्या सेंटरची नोंदणी झालेली पाहिजे, प्रमाणपत्र दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. तुझं वय २७ आहे, सहा-आठ महिने नीट उपचारात गेले तर काहीच हातातून जात नाही. पण हे तुझ्यासाठी. पस्तिशी ओलांडलेल्या, पाळी बंद पडलेल्या, नळीचं ऑपरेशन झालेल्या किंवा आधी टीबी झालेल्या बायकांनी माझं ‘थांबा’ स्वतःला लावून घेऊ नका, तुम्ही लवकर जा. आणि ज्यांच्या लग्नाला सहाच महिने झालेत आणि घरच्यांनी डोकं खाल्लंय, त्यांनी वर्षभर शांत राहा, शंभरातल्या चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना वर्षभरात दिवस राहतात.

नवऱ्याला तयार कसं करायचं? भांडून नाही होणार. त्याला म्हण, “डॉक्टरीणबाई म्हणते, तुमचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी पुढची गोळीच लिहून देत नाही.” माझ्यावर टाक, ओपीडीत आम्ही हे रोज अंगावर घेतो. सासूबाईंना आधी सांगायची गरज नाही, दोघं मिळून यवतमाळला बाजाराला म्हणून जा, रिपोर्ट आला की काय सांगायचं ते दोघं ठरवा.

सासूबाईंना माहूरच्या रेणुकेला जायचं असेल तर त्यांच्यासोबत जा, आनंदानं ओटी भरून ये, त्यात काही बिघडत नाही आणि त्यांचाही जीव शांत होतो. पण जो बाबा काही खायला-प्यायला देतो, एकटीला आत बोलावतो, अंगाला हात लावतो किंवा मारतो, तिथं जायचं नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोलिसात जाता येते. त्याची मुळी, भस्म कशाचं आहे कुणाला माहीत नसते आणि दिवस राहिले असतील तर बाळाला त्रास होऊ शकतो. मुलगाच व्हायचं औषध म्हणून जे देतात ते तर मुळीच नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते आणि गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेलं असते.

जाऊबाईंच्या बोलण्यावर मात्र मी कडक बोलणार आहे. मूल होत नाही हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. पहिली बायको असताना, घटस्फोट झालेला नसताना दुसरं लग्न केलं तर ते लग्नच धरत नाहीत आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा होतो. आणि समजा कारण नवऱ्याकडे असलं, तर दुसरी आणून काय होणार? तिचीही अशीच फाईल जाड होणार. बोलणं मारहाणीवर, घराबाहेर काढण्यावर गेलं तर १८१ वर फोन कर. संक्रांतीला तुला हळदीकुंकवाला बोलावलं पण वाण दिलं नाही, ते वाचून माझा संताप झाला. पुढच्या संक्रांतीला तू तुझ्या घरी हळदीकुंकू ठेव आणि गावातल्या ज्या ज्या बाईला असं टाळतात तिला पहिली बोलाव.

आजपासून एक गोळी सुरू कर, फोलिक ॲसिड, रोज एक, स्वस्त असते, उपकेंद्रात विचार. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया दिवस राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच पडतो, तेव्हा तुझ्यासारख्या उशिरा पाळी येणाऱ्या बाईला कळलेलंही नसते, म्हणून ती आधीपासूनच पोटात पाहिजे. तुझी पाळी अनियमित असल्यामुळे पाळीची वाट पाहत बसू नको, पस्तीस-चाळीस दिवस झाले की घरी लघवीची चाचणी करत जा, आणि पॉझिटिव्ह आली की आशाताईकडे लगेच, बारा आठवड्यांच्या आत नोंदणी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, बाळंतपण सिझर झालं तरी सरकारीत फुकट, न्यायला-आणायला १०२. पण पोटात एका बाजूला खूप दुखलं, अंधारी आली, तर ९ तारखेची वाट पाहायची नाही, त्याच तासाला दवाखाना, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर जिवावर बेतते.

पहिल्या खेपेला जाताना सगळी फाईल ने, जुन्या तपासण्या परत करायला लावल्या तर हे दाखव. गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून ने, डॉक्टरला त्याचा सोनोग्राफीपेक्षा जास्त उपयोग होतो. जमलं तर पाळी नसताना जा म्हणजे आतून तपासता येईल, पण पाळी चालू आहे आणि तासाला कपडा बदलावा लागतोय अशी वेळ आली तर तशीच जा, त्याच दिवशी. आणि त्याला सोबत ने, बाहेर झाडाखाली गाडीजवळ उभा ठेवू नको, आत, खुर्चीवर, तुझ्या बाजूला. दोघांचे रिपोर्ट आले की मला परत लिही, त्याचा आणि तुझा, दोन्ही पाठव.